रडीचा डाव

आमच्या लहानपणी वाड्याच्या मागील अंगणात विटीदांडूचा डाव रंगला म्हणजे त्यात एखादा तरी गडी असा निघावयाचाच की, राज्य त्याच्यावर आले रे आले की त्याच्या पोटात कळ उठे, आईने हाक मारल्याचा भास होई, किंवा विटी रेघेच्या आत पडली की बाहेर याविषयी तो एकदम देवाच्या शपथा घेऊ लागे. अशा गड्यास गप्प करण्यास आम्हां मुलांना एकच शब्द पुरे होत असे. तो शब्द 'रडी'. रडी खाल्ल्याचा आरोप एकदा सिद्ध झाला म्हणजे निदान महिनाभर त्यास कोणी आपल्या बाजूस घेत नसे. पुढे शाळामास्तर झाल्यावर आम्ही 'खिलाडूवृत्ती' या भारदस्त विषयावर मुलांना निबंध घातले, ते तपासले, आणि त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली तांबड्या रेघाही ओढल्या. परंतु त्या निबंधांतून कोणी काही शिकले असेल असा आमचा समज नाही. खिलाडूवृत्ती म्हणजे काय हे सांगावयास दोन पाने लागतात. रडी मात्र आंधळ्यालाही ओळखू येते.

हा शब्द आम्हांस साठीनंतर पुन्हा आठवला तो ज्या प्रसंगाने, तो प्रसंग आमच्या स्वतःच्या घरातील आहे. सांगताना संकोच होतो. पण पस्तीस वर्षे लोकांच्या मुलांचे दोष चारचौघांत सांगण्याचे वेतन घेतले, तेव्हा एकदा आपल्या घरातला दोष सांगण्यास हरकत नसावी.

आमचे घर जुन्या चालीचे. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता, मुले, सुना आणि नातवंडे मिळून दोन वेळ पंधरा पाने उठतात. आमचे चिरंजीव गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतकामाच्या कारखान्यात नोकरीस आहेत. यंत्रांचा नाद त्यांना लहानपणापासूनचा. आणि बापाचा नाद मुलात दुपटीने उतरावा हा निसर्गनियम आमच्या नातवाने अक्षरशः खरा केला. बाराव्या वर्षी त्याने मोटोक्रॉस नावाच्या खेळाचे वेड घेतले. आम्हांस तर तो शब्दही धड उच्चारता येईना. थोरल्या बंधूंनी सगळा प्रकार समजावून घेतला आणि म्हणाले, "मुंजीत याच्या हाती पळसाचा दंड दिला होता, तो याने गाडीचा दांडा समजून धरलेला दिसतो." वहिनींनी नवस बोलून ठेवला. चिरंजीवांनी मात्र हळूहळू करीत एक जुनी गाडी मिळविली, उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारागिराकडून तिची डागडुजी करवून घेतली, आणि दर रविवारी बापलेक पहाटेच कोठेतरी माळावर जाऊन संध्याकाळी तांबड्या मातीने माखून परत येऊ लागले.

मोटोक्रॉस म्हणजे मोटारसायकलची शर्यत खरी, पण ती सडकेवरची नव्हे. इंग्लंडात सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली रानोमाळ अशी एक शर्यत झाली, तेथून या खेळाचा उगम मानतात. पुढे फ्रेंचांनी मोटारसायकल आणि रानातली शर्यत हे दोन शब्द जोडून त्याचे हे नाव पाडले. मातीचा मार्ग मुद्दाम उंचसखल करावयाचा, त्यावर टेकाडे रचावयाची, वळणांवर मातीचे बांध घालावयाचे. गाडी टेकाडावरून वर जाते ती आठ-दहा हात हवेत तरंगून पुढे जमिनीस लागते. आपल्या देशात मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतींचे नियमन करणारा महासंघ १९७१ मध्ये स्थापन झाला. पुणे, नाशिक या बाजूंस मातीवरच्या शर्यती पुष्कळ होतात, आणि २०२४ च्या जानेवारीत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तर परदेशी स्वार बोलावून मोठ्या थाटाची शर्यत झाली. ती पाहण्यास आमचे बापलेक अर्थातच गेले होते, आणि त्यानंतर पंधरा दिवस आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

बाहेरून पाहणारास वाटते, गाडी धावते, स्वार नुसता बसतो. आमचाही समज तोच होता. परंतु प्रत्यक्षात स्वार बसतच नाही. तो सारा वेळ पायांवर उभा असतो, आणि मण-दोन मणांचे धूड मांड्यांत आवळून, हातांनी ओढून, अंगाने झोके देत नेत असतो. शर्यत चालू असता त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास १८० च्या आसपास असतात, असे म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू इतके ताठरतात की बोटे ब्रेकवर आहेत की नाहीत हे कळेनासे होते. अशा स्थितीतील पंधरा वर्षांच्या पोराकडून शर्यत संपताक्षणी विनय, विवेक आणि मधुर भाषण यांची अपेक्षा करणे म्हणजे उकळत्या आधणाला सायीची अपेक्षा करण्यासारखे आहे. मनास आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, असे हल्लीचे शास्त्र सांगते. हे सारे खरे. पण मग शर्यत ज्याने पाहिली आणि ज्याच्या हृदयाचे ठोके सत्तरच होते, त्या सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने काय करावे? आमची खरी कथा येथून सुरू होते.

गेल्या चैत्रातील गोष्ट. जोतिबाची यात्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कोल्हापूरच्या वायव्येस पाच-सहा कोसांवर वाडी रत्नागिरीचा तो डोंगर, उंची समुद्रसपाटीपासून ३१०० फुटांच्या आसपास. चैत्री पौर्णिमेस तेथे लाखो लोक लोटतात, उंच उंच सासनकाठ्या नाचतात, आणि 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. यात्रा सरल्यावरही कित्येक दिवस पायऱ्यांच्या सांध्यांत, झाडांच्या बुंध्यांशी आणि कपारीत गुलाल दिसत राहतो. त्या डोंगराच्या पायथ्याच्या एका माळावर मुलांची शर्यत भरली होती. सोळा वर्षांखालील मुलांच्या गटात आमच्या नातवाचे नाव होते. आम्ही आजवर एकही शर्यत पाहिली नव्हती. परंतु 'शर्यत आटोपली की वर जाऊन देवाचे दर्शन घेऊन येऊ' असे चिरंजीवांनी म्हटल्यावर आमच्या घरातून परवानगी मिळाली, आणि आम्ही छत्री व पाण्याचा तांब्या घेऊन निघालो.

माळाच्या एका अंगास चढ होता. त्यावर एका करंजाच्या सावलीत आम्ही बसलो. तेथून सगळा मार्ग तळहातासारखा दिसे. पलीकडे उन्हात पन्हाळ्याचा डोंगर. आवाज इतका की शेजारच्याने कानाशी तोंड आणल्यावाचून शब्द कळू नये. आमच्याजवळ बसलेल्या एका गृहस्थांनी निशाणांचा अर्थ समजावून सांगितला. त्यात पिवळे निशाण हालविले म्हणजे पुढे संकट आहे. वेग कमी करावयाचा, टेकाडावरून उडी घ्यावयाची नाही, आणि कोणास मागे टाकून पुढे जावयाचे नाही. नियम सोपा, आणि त्याचे कारणही सोपे. टेकाडाच्या पलीकडे कोणी पडला असेल तर अलीकडून येणाऱ्यास तो दिसत नाही. हवेत गेलेली गाडी जेथे उतरावयाची तेथेच ती उतरते.

आठ फेऱ्यांची शर्यत. पाच फेऱ्या आमचा नातू दुसरा होता. पुढे इचलकरंजीकडील एक मुलगा. सहाव्या फेरीत मोठ्या टेकाडापलीकडे, मागे पडलेल्यांपैकी एक मुलगा गाडीसह कोसळला. टेकाडाच्या कडेस विशी-बाविशीचा एक तरुण निशाण घेऊन उभा होता, त्याने तत्काळ पिवळे निशाण हालविण्यास आरंभ केला. इचलकरंजीच्या मुलाने गाडी मंद केली आणि तो टेकाडावरून सरपटत उतरला. आमचा नातू त्याच्या मागून आला, त्याने गाडीस वेग दिला, तो हवेत उडाला, आणि पुढच्याच्या डोक्यावरून जावे तसा पलीकडे जाऊन उतरला. पडलेल्या मुलापासून दोन हातांवर.

आम्ही ते निशाण पाहिले होते. पडलेला मुलगाही पाहिला होता. एक क्षण आमच्या छातीत धस्स झाले. पण दुसऱ्याच क्षणी आपला नातू पहिला आहे एवढेच डोळ्यांस दिसू लागले, आणि लिहिताना लाज वाटते, आम्ही छत्री उंच करून हालविली.

पहिला येऊन तो थांबला. पाठोपाठ निकाल झाला की, पिवळ्या निशाणाखाली उडी घेऊन पुढे गेल्याबद्दल त्यास सहावा क्रमांक दिला आहे. पंचांच्या तंबूपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा तो थरथर कापत होता. चेहरा धुळीने माखलेला, त्यातून अश्रूंचे दोन ओघळ. "मला निशाण दिसलंच नाही! त्या माणसाला निशाण कसं धरतात तेच कळत नाही!" असे ओरडत त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढले आणि जोराने जमिनीवर आपटले. ते उसळून पंचांच्या टेबलास लागले, कागद उडाले. इचलकरंजीचा मुलगा हात पुढे करून आला होता. त्याचा हात याने झिडकारला. तंबूतील पंच शांतपणे म्हणाले, "बाळ, जा, पाणी पी."

आणि येथे आम्ही तोंड उघडले. जन्मभर वर्गात वापरलेला तो आवाज. "अहो, निशाण धरणारा पोर केवढा, त्याला अनुभव किती! पाच फेऱ्या झगडलेल्या मुलाचा क्रमांक असा कागदावर खोडता? मी पस्तीस वर्षे शाळेत पंचाचे काम केले आहे, मला हे शिकवू नका." आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली. सूनबाई खाली मान घालून उभ्या. चिरंजीवांनी आमच्या दंडास हळूच धरले आणि बाजूस नेले. पंचांनी आम्हांस काहीही उत्तर दिले नाही. आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून ते गप्प बसले, हे आम्हांस त्या वेळीही कळत होते.

ठरल्याप्रमाणे वर देवळात गेलो. गाडीत कोणी बोलेना. देवापुढे नातवाने गुलाल लावून घेतला, पण त्याचे डोळे कोठेतरीच होते. आम्ही दीपमाळांपाशी टेकलो. मनात उगीच सासनकाठ्यांचा विचार येऊ लागला. यात्रेत या काठ्यांचा मानाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीचा, मागोमाग इतरांचे. मागच्या काठीने पुढे घुसावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पण तो क्रम पूर्वजांनी घालून दिलेला. शर्यतीतला क्रम मात्र रोज नव्याने कमवावा लागतो, आणि कमावलेला डोळ्यांदेखत गमवावा लागतो. तेथे मन ठिकाणावर ठेवणे किती अवघड, याचा आम्ही शाळेत कधी विचार केला होता काय? आम्ही नुसते 'आऊट' म्हणून बोट वर करीत असू.

त्या रात्री झोप लागली नाही. म्हाताऱ्यांना झोप न लागणे नवे नाही. पण एरवी आम्ही काही स्तोत्र मनात म्हणतो, त्या रात्री तेही आठवेना. आठवत होते ते महाभारत. कुरुपुत्रांची विद्या लोकांस दाखविण्याकरिता द्रोणाचार्यांनी रंगभूमी उभारली, तेव्हा भीम आणि दुर्योधन गदा घेऊन उतरले. खेळच तो, पण पाहणाऱ्यांचे दोन तट पडले, एक भीमाच्या नावाने ओरडू लागला, दुसरा दुर्योधनाच्या, आणि आता हे भांडणावर जाणार असे पाहून आचार्यांनी आपल्या पुत्रास, अश्वत्थाम्यास, त्यांना आवरावयास पाठविले. हा प्रसंग आम्ही मुलांना अनेकदा सांगितला, पण त्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात त्या रात्री प्रथम आली. खेळाडू बिघडण्याआधी प्रेक्षक बिघडले होते. दुसरे असे की, दोघांना ज्याने आवरले तोच अश्वत्थामा पुढे दुर्योधन पडल्यावर निजलेल्यांचे गळे कापावयास निघाला. आवरण्याचे काम एकदा केले म्हणजे आपण आवरलेले राहतो असे नाही. पस्तीस वर्षे पंच होतो, असे आम्ही त्या तंबूत मोठ्या ऐटीने सांगितले होते.

अखेरच्या गदायुद्धात भीमाने नियम मोडून मांडीवर प्रहार केला, तेव्हा बलरामाने संतापून नांगर उचलला. श्रीकृष्णाने त्यास मिठी घालून थोपविले, आणि तो रागाने द्वारकेस निघून गेला. बलरामाचा राग अनावर होता, पण निदान तो खरोखर मोडलेल्या नियमासाठी होता. आमचा नांगर उचलला गेला तो नियम पाळणाऱ्यावर.

असे प्रकार हल्ली सर्वत्र घडतात, हे सांगून आमचे सांत्वन करण्याचा चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला. त्यांच्यापाशी अशा हकिकतींचा साठा मोठा. इटलीत मिसानो येथे २०१८ च्या सप्टेंबरात रोमानो फेनाटी नावाच्या बाविशीच्या स्वाराने ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेग असता शेजारच्या स्वाराच्या गाडीचा ब्रेक हात लांब करून दाबला. जीव गेला नाही हे त्या दोघांचे दैव. २०२० च्या ऑक्टोबरात इटलीतच लोनाटो येथे कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत लुका कॉर्बेरी याने शर्यतीतून बाहेर पडल्यावर आपल्या गाडीचा निखळलेला भाग उचलून जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर फेकला, आणि शर्यत संपल्यावर त्याच्यावर धावूनही गेला. त्यास पंधरा वर्षांची बंदी झाली. चिरंजीव म्हणाले, "आणि त्या झटापटीत त्याचे वडीलही होते." एवढे बोलून ते एकदम थांबले. आम्हीही चहाच्या कपात पाहू लागलो. सांत्वन तेथेच संपले.

परदेशाचे कशास, आपल्याकडेही २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत शिवराज राक्षे या मोठ्या पैलवानाने निकाल न पटल्यामुळे पंचास लाथ मारली. तो पूर्वी दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला. त्यास तीन वर्षांची बंदी झाली. पाठ टेकली होती की नव्हती, याविषयी तेव्हा फार वाद माजला. आणि पंचांचा निकाल चुकूच शकत नाही असे आमचे मुळीच म्हणणे नाही. माणूस आहे, चुकेल. पण लाथ मारल्यावर तो वाद कोणी ऐकावयाचा? खरे असलेले गाऱ्हाणेही त्या एका लाथेने खोटे दिसू लागले.

कोल्हापुरास तर कुस्तीचे माहेरघर म्हणतात. शाहू महाराजांनी युरोपात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहून येथे खासबागेचे मैदान बांधविले, ते १९१२ मध्ये पुरे झाले. त्या हौद्यातील रिवाज आम्ही लहानपणी पाहिलेले आहेत. चीत झालेला पैलवान उठे, अंगाची माती झटकी, जिंकणाराच्या हातास हात लावी, वस्तादाच्या पाया पडे आणि मुकाट्याने गर्दीतून निघून जाई. त्याच्या मनात काय जळत असेल ते त्याचे त्यास ठाऊक. मात्र हेही खरे की, त्या काळी सारेच साधुसंत होते असे नव्हे. निकाली कुस्ती न होता बरोबरीत सुटली की लोक पागोटी फेकीत, तालमी-तालमींत मारामाऱ्या होत. जुने ते सगळे सोने म्हणणारांत आम्ही नाही.

तरी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेथे जपानच्या इशीशी खाशाबांची फार वेळ कुस्ती चालली. ती हरल्यावर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयाची, तीही न देता त्यांना लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे केले. भांडावयास भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. ते उतरले, हरले, आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारतास एका व्यक्तीने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ओरडण्यास त्यांच्यापाशी कारण होते. ते ओरडल्याचे कोणी ऐकले नाही. आणि आमच्यापाशी काय कारण होते, याचा हिशेब आम्ही अंथरुणात पडून करीत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सोप्यात संध्येस बसण्याच्या तयारीत होतो. नातू येऊन खांबाला टेकून उभा राहिला. बराच वेळ नखाने खांबाचा रंग खरवडीत होता. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही वर चढावर बसला होता. तिथून टेकाड दिसत होतं ना?"

"दिसत होते."

"मग फ्लॅग तुम्हाला दिसला असेल."

आयुष्यात अनेक अवघड प्रश्न मुलांनी विचारले. पाणिनीच्या सूत्रांवरचेही विचारले. इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. खोटे बोलण्यास जागा होती. उन्हात डोळे दिपले होते, वय झाले आहे, धूळ होती. आम्ही म्हणालो, "दिसला."

तो काही वेळ गप्प राहिला. "मलापण दिसला होता," तो म्हणाला. "उडी मारायच्या आधी. पण मला वाटलं, थांबलो तर पुन्हा तो सापडणार नाही." आणि मग, आमच्याकडे न पाहता, "तुम्ही पंचांना बोललात ना, तेव्हा मला वाटलं, बहुतेक मला खरंच दिसला नसेल."

या वाक्यावर आम्हांस काय वाटले ते लिहिण्याचे आमच्या अंगी बळ नाही. संध्येचे पाणी पात्रात तसेच राहिले. पोराच्या खोट्यास साक्षीदार हवा होता, तो त्यास आमच्यात मिळाला होता. त्याच्या रागास आम्ही विधी घालून दिला होता. त्याने आपटलेल्या हेल्मेटाचा सगळ्यांनी धिक्कार केला. आमच्या शब्दांचा कोणीच नाही, कारण ते शुद्ध मराठीत होते.

पुढल्या रविवारी आम्ही दोघे त्या निशाणवाल्या तरुणाचा शोध करीत निघालो. पंचांकडे आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली, नातवाच्या आणि संकोचत संकोचत आमच्याही. तो तरुण उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो असे त्यांच्याकडूनच कळले. रविवार असूनही तो एका गाडीखाली उताणा पडून काहीतरी आवळीत होता. बाहेर आला, हात फडक्यास पुसले, आणि आमचे वय पाहून एक स्टूल झटकून पुढे केले.

नातवाने जे सांगावयाचे ते सांगितले. वाक्य अर्ध्यावर अडखळले, पण पुरे केले. मग आमची पाळी. मास्तराने क्षमा मागावयाची म्हणजे काय, हे मास्तरांनाच ठाऊक, आम्ही प्रस्तावना करू लागलो, तेव्हा तो तरुण गोंधळून म्हणाला, "पण सर, मला तर ह्यातलं काहीच माहीत न्हाई. तंबूकडं काय झालं ते मी बघितलंच न्हाई. मी तिकडंच हुतो, त्या पडलेल्या पोराचा हात धरून. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं हुतं. गाडी यीस्तोवर त्यानं माझं मनगट सोडलं न्हाई."

नातवाने विचारले, "मी उतरलो तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"त्याच्या अंगावर वाकलो हुतो," तो तरुण म्हणाला. जराही जोर न देता. मग त्याने चहा मागविला.

चहा होईतो त्याची नजर नातवाच्या हातातील हेल्मेटावर गेली. ते आम्ही सोबत आणले होते. त्याच्या कडेची एक पट्टी निखळली होती आणि ती बसवून मिळेल का, असे चिरंजीवांनी विचारावयास सांगितले होते. त्याने ते उलटून आतून बोटांनी दाबून पाहिले. "पट्टी बसंल," तो म्हणाला, "पण हे आता शर्यतीला घालू नका. एकदा असं जोरात आपटलं की आतला थर दबतो. बाहेरनं काही दिसत न्हाई. पुढच्या वेळी डोकं वाचंलच असं सांगता येत न्हाई." पट्टी बसविण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. पडलेल्या मुलाच्या घराचा पत्ता मात्र आम्ही त्याच्याकडून लिहून घेतला, आणि परतताना त्या बाजूने आलो. तो मुलगा गळ्यात झोळी बांधून अंगणात मोबाईल पाहत बसला होता. दोघे पोरे पाच मिनिटांत गाड्यांच्या गोष्टींत अशी बुडाली की आम्हांस तेथे काही कामच उरले नाही. त्याच्या आजीने आम्हांस ताक दिले.

नवे हेल्मेट दिवाळीपर्यंत मिळणार नाही, असा निकाल चिरंजीवांनी दिला आणि त्यावर कोणी दाद मागितली नाही. पावसाळा संपेतो नातू कोणत्याच शर्यतीत उतरला नाही. रविवारी बापाबरोबर माळावर जातो, उधारीच्या हेल्मेटाने सराव करतो, आणि एक-दोन वेळा त्या तरुणाबरोबर टेकाडाशी निशाण घेऊन उभाही राहिला. जुने हेल्मेट सोप्यातील खुंटीवर आमच्या छत्रीशेजारी टांगलेले आहे. टाकून द्यावे तर कोणी टाकीत नाही. वहिनींनी हल्ली त्यात कपड्यांचे चिमटे ठेवावयास सुरुवात केली आहे.